कागदी कंदिलाचा हिशेब

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात ‘घरचा छोटा उद्योग’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी मूळचा भुसावळचा, डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनिअर. वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेत आहे. आमचे काम म्हणजे फलाट, क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या, छपरांची गळती. आमच्याकडे माणसे बोलायला येतात ती तक्रार घेऊन, आणि आम्ही बोलतो ते ठेकेदाराशी. त्यामुळे आवाज मोठा असला, तरी भाषा साधीच आहे. सांभाळून घ्यावे.

कार्यवाहांनी फोन करून सांगितले, ‘तुमच्या घरी इंटरनेटवर कागदाच्या वस्तूंचे दुकान चालते, त्याविषयी बोला.’ पहिली दुरुस्ती इथेच करतो. दुकान माझे नाही, सौ.चे आहे. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ मधल्या नियम १५ प्रमाणे मला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. घरातले कोणी करीत असेल, तर ते कार्यालयाला कळवावे लागते. मी रीतसर पत्र देऊन कळवलेले आहे. बायकोच्या धंद्याची जाहिरात करत फिरणेही आम्हाला शोभत नाही. म्हणून दुकानाचे नाव मी आज सांगणार नाही. इथे बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे हा भाग वेगळा!

सुरुवात याच मंडपाच्या बाहेर झाली. २०१६ च्या उत्सवात आनंदमेळ्यात सौ.ने एक टेबल मांडले. हातकागदाची पाकिटे, छोट्या वह्या, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली कानातली आणि सहा आकाशकंदील. सायंकाळपर्यंत कंदील संपले. घरी येताना ती म्हणाली, ‘अहो, लोकांनी विकत घेतले!’ त्या वेळी तिच्या आवाजातले आश्चर्य मला कळले नाही. ते कळायला तीन वर्षे लागली.

तिचे माहेर जुन्नरचे. जुन्नरी कागद एके काळी प्रसिद्ध होता. मराठेशाहीच्या दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची नावे येतात. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे. सौ.च्या लहानपणी जुन्नरला कागद करणारे कोणी तिने पाहिले नाही, पण घरातली म्हातारी माणसे जुन्या पोथीचे पान बोटांत धरून ‘हा आपल्या गावचा कागद’ असे सांगत. लग्नानंतर ती दिल्लीला आली आणि एका रविवारी मी तिला चावडी बाजार दाखवायला निघालो. बाजार रविवारी बंद असतो हे मला इंजिनिअर असून ठाऊक नव्हते! पुढच्या आठवड्यात रजा टाकून गेलो. लग्नपत्रिकांच्या आणि कागदाच्या त्या गल्ल्यांत एका दुकानात हातकागदाचे ताव लटकत होते. तिने एकावर हात फिरवला आणि तिथून हलेना. आमच्या दुकानाचा पायाचा दगड तोच समजा.

हा कागद होतो कसा, हे पाहायला मी रेल्वेचा पास काढून जयपूरजवळच्या सांगानेरला जाऊन आलो. तिथे कागझी घराणी पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आली आहेत. कच्चा माल म्हणजे सुती कापडाच्या, बनियनच्या कारखान्यांतल्या कातरणी. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. कातरणी बारीक करून पाण्यात कुटून लगदा करतात. तो हौदात पातळ कालवतात. जाळीचा साचा बुडवून दोन्ही हातांनी सरळ वर काढतात. पाणी निथळते, जाळीवर थर राहतो. तो कापडावर उलटा करायचा, कापडावर कापड रचायचे, दाबयंत्राखाली पाणी काढायचे आणि ताव वाळत घालायचे. मग ते निवडून, रुळांतून काढून गुळगुळीत करायचे. साचा वर काढताना कारागीर त्याला एक हलका झटका देतो. त्या झटक्याने तंतू सगळ्या दिशांना पसरतात. गिरणीच्या कागदात तंतू यंत्राच्या दिशेने आडवे पडतात, म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. हातकागद कुठूनही घडी घाला, सारखाच वागतो. कंदिलासाठी हा गुण फार मोलाचा.

आपल्या पुण्याचेही यात नाव आहे. गांधीजींनी १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि हातकागद हा त्यातला एक उद्योग ठरला. के. बी. जोशी यांनी त्यात आयुष्य घातले आणि १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. आपण दिल्लीकर मराठी माणसांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट म्हणजे, भारताच्या संविधानाची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची आहे आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातून आला होता. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली. त्यांच्याविषयी सांगतात की, त्यांनी मानधन घेतले नाही. मात्र एक अट घातली, ती म्हणजे प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचेही नाव. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता दुकानाकडे वळतो. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. मुंबईत नानासाहेब शेंडकरांसारखे कलावंत बंदीच्या कितीतरी आधीपासून पुठ्ठ्याची, घडी होणारी मखरे करीत होते. बंदीनंतर सगळेच कागद शोधू लागले. ठाण्याच्या नणंदेने फोन केला, ‘वहिनी, मखर नाही तर नाही, निदान कंदील तरी पाठव.’ तिच्या सोसायटीतून आणखी चौदा जणींनी मागितले. तेव्हा मुलीने, ती तेव्हा आठवीत होती, मोबाइलवर फोटो काढून एका ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान उघडून दिले.

दुकान उघडायला एक संध्याकाळ पुरली, शिकायला मात्र दोन वर्षे लागली. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या चुका सांगतो.

पहिली चूक हवेची. आम्ही तयार कंदील खोक्यात घालून पाठवला. वजन तीनशे ग्रॅम. कुरिअरवाल्याने पैसे लावले साडेपाच किलोचे! मी भांडायला गेलो. त्याने टेप काढली. खोके तीस बाय तीस बाय तीस सेंटिमीटर. गुणाकार सत्तावीस हजार, त्याला पाच हजारांनी भागले की पाच पूर्णांक चार किलो. म्हणजे आम्ही ठाण्याला दिल्लीची हवा पाठवत होतो आणि तिचे भाडे भरत होतो! जो माणूस रोज खडीचे घनमीटर काढतो, त्याला हे सुचू नये? मग आम्ही कंदील घडीचा केला. काड्या वेगळ्या, कागद चपटा, जोडायची चिठ्ठी सोबत. खोके पस्तीस बाय पंचवीस बाय चार. तेच सूत्र लावले की सातशे ग्रॅम.

दुसरी चूक ओलाव्याची. दिल्लीच्या जूनमध्ये चिकटवलेला कागद खडखडीत राहतो. तोच ऑगस्टमध्ये मुंबईला उतरला की हवेतले पाणी पितो, फुगतो आणि कडा वाकतात. पहिल्या वर्षी सात वह्या परत आल्या. आता जुलै ते सप्टेंबर पातळ गोंद वापरत नाही, वह्या वजनाखाली दोन दिवस ठेवतो आणि पाकिटात ओल शोषणारी पुडी टाकतो.

तिसरी, कागदपत्रांची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी तेव्हा नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर यातून सवलत मिळाली आहे. पण दिल्लीतून ठाण्याला पाठवायचे म्हणजे दुसरे राज्य आलेच. तेव्हा भगिनींनो, आधी एखाद्या जाणकाराला विचारा, मग फोटो टाका.

ग्राहकांचे किस्से तर किती सांगावेत! एकांनी भाऊबीज झाल्यावर कंदील परत पाठवला. कारण लिहिले, ‘फोटोत दिसतो तसा नाही.’ आत बल्बची वायर तशीच होती आणि कागदावर उदबत्तीचा वास! आम्ही पैसे परत केले. सौ. म्हणाली, ‘निदान दिवाळी तरी चांगली गेली त्यांची.’

असो. आता मुख्य गोष्ट. ही सांगावी की नाही याचा मी विचार केला. सौ.ला विचारले. ती म्हणाली, ‘सांगा, पण नीट सांगा.’

२०१९ ची दिवाळी. नवरात्राच्या आधीपासून मागण्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत एकशे चाळीस कंदील गेले. मी कार्यालयात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. घरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळत असे. मी सकाळी उठून बघायचो, तर जेवणाच्या टेबलावर पंधरा कंदिलांच्या पट्ट्या ओळीने. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री तिच्या उजव्या मनगटाला एवढी सूज आली की कात्री धरवेना. डॉक्टरांनी पट्टा बांधून हात वापरायचा नाही असे सांगितले. त्या वर्षी आमच्याच घरी कंदील लागला नाही. मी बाजारातून प्लॅस्टिकचा आणला. मुलगी माझ्याकडे नुसती बघत राहिली.

पाडव्याच्या दिवशी मी वही घेऊन हिशेबाला बसलो. जमा बघून म्हणालो, ‘अगं, पस्तीस हजारांची विक्री झाली!’

ती म्हणाली, ‘आणि मला किती मिळाले?’

मी म्हणालो, ‘म्हणजे? घरचेच तर आहे.’

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने माझी कार्यालयाची पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘तुमच्या त्या मेजरमेंट बुकात मजुराची हजेरी, गवंड्याचे तास, सगळे धरूनच दर निघतो ना? मग तुमच्या या वहीत मी कुठल्या पानावर आहे?’

सहकाऱ्यांना ठाऊक आहे, आमच्याकडे एम.बी. म्हणजे गीता. एम.बी.त नोंद नाही तर काम झालेच नाही, आणि काम झाले नाही तर बिल नाही. मी ठेकेदारांचे कितीतरी दर तपासले आहेत. साहित्य, मजुरी, वाहतूक, नासधूस, वरखर्च. कोणी मजुरी धरली नाही, तर मी कागद परत करतो आणि विचारतो, ‘हे काम भुते करणार का?’ आणि माझ्या घरच्या वहीत साहित्य होते, वाहतूक होती, खोक्यांची किंमत पैशांपर्यंत होती, पण मजुरीचा रकानाच नव्हता.

मग त्याच रात्री दर काढला. विक्री किंमत २५० रुपये, घरपोच. कागद ७०. काड्या, गोंद, दोरा २०. खोके २०. बाजारपेठेचे कमिशन, कर आणि इतर कापाकापी ४२. कुरिअर ६५. झाले २१७. उरले ३३. परत आलेला आणि फाटलेला माल धरून त्यातले आठ वजा. हाती २५ रुपये. एका कंदिलाला तिचे अडीच तास. म्हणजे तासाला दहा रुपये! एकशे चाळीस कंदील, साडेतीनशे तास, साडेतीन हजार रुपये. त्यातून डॉक्टरांची फी आणि मनगटाचा पट्टा मी वजा केला नाही, माझी हिंमत झाली नाही.

मी अपराधी वाटून घेतले हे खरे, पण त्याने हात बरा होत नाही. म्हणून इंजिनिअरने करायचे ते केले. प्रत्येक क्रियेला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहिले. असे दिसले की अडीच तासांतला तासभर नुसता आखण्यात आणि कापण्यात जातो. पत्र्याचे साचे करून घेतले, चार ताव एकावर एक ठेवून कापता येतील अशी पट्टी बसवली. वेळ दीड तासावर आला. मग किंमत ठरवताना मजुरीचा रकाना सगळ्यात आधी लिहिला आणि बाकीचे नंतर. किंमत निघाली ४८० रुपये.

खरे सांगतो, तो आकडा टाकताना माझा हात थरथरला. सौ. म्हणाली, ‘नाही विकले गेले, तर नाही. मनगट तरी शाबूत राहील.’ पुढची दिवाळी करोनाच्या वर्षातली, २०२० ची. एकशे चाळीसवरून विक्री साठावर आली. लोकांनी लिहिले, ‘कागदाला इतके पैसे?’ पण हिशेब बघा. साहित्य ८०, खोके १५, कापाकापी ९५, कुरिअर ६५, नासधूस १५. हाती राहिले २१०. साठ कंदिलांचे बारा हजार सहाशे रुपये आणि तास फक्त नव्वद. निम्म्याहून कमी माल, चौथ्या हिश्शाच्या आसपास कष्ट आणि साडेतीनपटीहून जास्त प्राप्ती. आणि त्या वर्षी आमच्या दारात आमचाच कंदील लागला.

याच्याने आम्ही श्रीमंत झालो नाही. दुकान अजून छोटेच आहे आणि छोटेच राहावे अशी तिची इच्छा आहे. कॉलनीतल्या दोघी हंगामात मदतीला येतात, त्यांना तासावर पैसे देतो. पहिल्या दिवशी त्यातली एक म्हणाली, ‘भाभीजी, इसमें पैसे कैसे, हम तो बैठे-बैठे बातें करते हैं।’ सौ.ने तिला माझी जुनी वही दाखवली. आता ती स्वतःच आली-गेल्याची वेळ लिहिते.

मला नंतर कळले की, हा प्रश्न काही आमच्या घरात पहिल्यांदा निघालेला नाही. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघात आग्रह धरला की, सूत कातणाऱ्या बाईला जगण्याइतकी मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. खादी खपणार नाही, संघ बुडेल, अशी भीती सहकाऱ्यांना वाटत होती. गांधीजींना हवा होता तेवढा दर लागू झाला नाही, पण मजुरी वाढली. ज्या खादीला आपण स्वस्त म्हणत होतो, ती कोणाच्या तरी उपाशी पोटावर स्वस्त होती, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. कागदी कंदिलाचे तेच आहे, फरक इतकाच की, उपाशी पोटाऐवजी आमच्याकडे सुजलेले मनगट होते.

आता थोडे आपल्याच माणसांविषयी, रागावू नका. मंडळातल्या ओळखीच्या घरून निरोप येतो, ‘वहिनी, हळदीकुंकवाला पन्नास पाकिटे करून द्या ना, तुम्हाला काय, वेळ जात नाही म्हणून करता.’ यात प्रेम आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण ‘वेळ जात नाही म्हणून’ हे वाक्य दिल्लीतल्या किती मराठी घरांत, किती जणींच्या कामावर आपण शिक्क्यासारखे मारले आहे! कोणी दिवाळीचा फराळ करून देते, कोणी शिकवणी घेते, कोणी ब्लाऊज शिवते. नोकरीसाठी आपण पुरुष इकडे आलो, त्यांनी आपले गाव सोडले आणि हाताला येत होते ते सुरू केले. ते आपण छंदाच्या खात्यात टाकले, कारण ते घरच्या टेबलावर होते.

प्रेमाने भेट द्यावी, जरूर द्यावी. या उत्सवाच्या सजावटीचे कागदी तोरण सौ.ने दिले आहे, त्याचे पैसे घेतलेले नाहीत आणि घेणार नाही. पण तिने त्याचे तास वहीत लिहून ठेवले आहेत. सव्वीस तास. समोर लिहिले आहे, ‘बाप्पाला’. मी विचारले, पैसे घ्यायचे नाहीत तर लिहायचे कशाला? ती म्हणाली, ‘दिले म्हणायला आधी माझे असायला नको?’

मघाशी म्हटले होते, रायजादांकडे परत येईन. त्यांनी पैसे नाकारले, पण पानापानावर नाव मागितले. मोबदला सोडता येतो, नोंद सोडायची नाही. माझ्या बायकोला हे कोणी शिकवले नव्हते. मी रोज एम.बी. लिहिणारा माणूस, मला ते माझ्या घरात दिसले नाही.

तेव्हा ज्यांना असे दुकान काढायचे आहे त्यांना एवढेच सांगतो. फोटो सकाळच्या उजेडात काढा, खोक्याची मापे आधी घ्या, कराचे विचारून घ्या. आणि वही उघडाल तेव्हा पहिला रकाना तासांचा आखा. पुरुषमंडळींना विनंती की, आज घरी गेल्यावर एखादी जुनी वही काढून बघा, त्यात घरातले कोण कोण नाही ते.

मंडपाबाहेर काही टेबले आहेत. नियम १५ मुळे मी कोणत्याही टेबलाकडे बोट दाखवू शकत नाही. पण कुठल्याही टेबलावर किंमत जास्त वाटली, तर घासाघीस करण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘याला किती वेळ लागला?’ उत्तर ऐकून घ्या, मग हवे तर घासाघीस करा.

माझे दोन शब्द संपवतो. सौ. तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि घड्याळाकडे बघते आहे.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!